विंचू, वेदना आणि चुकलेले निदान

काही वर्षांपूर्वी रत्नागिरीजवळ भरलेल्या एका शिक्षक-शिबिरात आम्ही विंचवावर बोलत होतो. फळ्यावर नांगीचे चित्र काढले होते, विषग्रंथी दाखवल्या होत्या, आणि बोलण्याच्या ओघात आम्ही एक वाक्य टाकले: ‘जितके विष जास्त, तितकी वेदना जास्त.’ मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. वाडीवरच्या शाळेत त्या शिकवतात. म्हणाल्या, “सर, आमच्या चौथीतल्या मुलाला फारसं दुखतच नव्हतं. लाकडं काढताना चावला. बोट जरा चोळलं आणि खेळायला लागला. म्हणून आम्ही पण म्हटलं, काळा असेल, उतरेल.”

तासाभरात त्या मुलाला उलट्या सुरू झाल्या. अंग घामाने निथळले, हातपाय गार पडले. जवळच्या एका दवाखान्यात नेले तर उन्हाचा त्रास आणि पोट बिघडले असे सांगितले गेले. इंजेक्शन झाले, सलाइन लावले. विंचवाची गोष्ट घरच्यांनी सांगितली होती. पण ‘दुखत नाही ना, मग त्याचं काही नाही’ या उत्तराने तो विषय संपला. संध्याकाळी मुलाला धाप लागली, तोंडाला फेस आला, तेव्हा गाडी करून मोठ्या रुग्णालयात धाव घ्यावी लागली. मूल वाचले. बाईंचा प्रश्न एवढाच होता: “तुम्ही म्हणता तसं वेदनेवरून ओळखायचं, तर आम्ही चुकलो कुठे?”

त्या चुकल्या नव्हत्या. चूक फळ्यावर होती. शिबिर संपल्यावर आम्ही या विषयावरचे मूळ शोधनिबंध काढून बसलो. कोकणात डॉ. हिंमतराव बावस्करांचे नाव माहीत नसलेला शिक्षक विरळाच. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाल्यावर तर त्यांच्यावर पुष्कळ लिहून आले. त्या सगळ्या लिखाणात गोष्ट एकच असते: विंचूदंशाने मुले मरत होती, बावस्करांनी औषध शोधले, मुले वाचू लागली. आम्हीही ती गोष्ट अशीच सांगत आलो होतो. निबंध वाचल्यावर वाटले की ही गोष्ट अर्धीच आहे, आणि राहून गेलेला अर्धा भाग विज्ञानशिक्षकाच्या जास्त कामाचा आहे. म्हणून त्यांतील तीन निबंधांची ही चिकित्सा.

पहिला निबंध १९८२ चा, ‘लॅन्सेट’मधला. बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले होते. उन्हाळ्यात विंचू चावलेली मुले येत आणि त्यांतली बरीच दगावत. निबंधाचे शीर्षक पाहा: लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयाच्या बिघाडाची पूर्वसूचना देणारी, निदान करून देणारी लक्षणे. औषधाचे नाव शीर्षकात नाही. त्या वेळी हाताशी खात्रीचे औषध नव्हतेच. एका ग्रामीण डॉक्टरने मुलांच्या खाटेशी बसून, कोणत्या तासाला काय झाले ते लिहून काढले, आणि त्या नोंदींतून एक आकृती दिसली: उलटी, दरदरून घाम, लाळ गळणे, गार पडलेले हातपाय, आणि मुलग्यांमध्ये लिंग ताठ राहणे. ही लक्षणे ज्यांच्यात दिसतात त्यांच्या हृदयावर आणि फुप्फुसांवर पुढे संकट येते. दंशाच्या जागी वेदना मात्र बेताचीच असू शकते. उलट नुसती असह्य वेदना असेल आणि बाकी काही नसेल, तर मूल बहुधा सुखरूप सुटते.

आमच्या मते खरा शोध हा आहे. त्याची किंमत कळायला तोवर काय चालत होते ते पाहावे लागेल.

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंच्या पेशींवरील सोडियमची दारे वेळेवर बंद होऊ देत नाही. त्यामुळे मज्जातंतू सतत उत्तेजित राहतात. आधी लाळ, घाम, उलट्या यांची लाट येते. पाठोपाठ ॲड्रेनलिन आणि त्याच्या भावंडांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार पडतात. रक्तदाब चढतो. त्या चढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचू लागते.

आता हे कारण माहीत नसलेल्या डॉक्टरच्या जागी स्वतःला ठेवा. समोर घामाने भिजलेले, उलट्या करणारे, हातपाय गार पडलेले मूल आहे. पाठ्यपुस्तकात गार हातपाय म्हणजे ‘शॉक’, आणि उलट्या म्हणजे अंगातले पाणी कमी झाले. दोन्ही वाक्ये आपापल्या जागी खरी आहेत. त्यांतून निघणारी कृती म्हणजे भरपूर सलाइन. पण या मुलाच्या अंगात पाणी कमी नाही. त्याच्या नळ्या आवळल्या आहेत आणि पंप दमला आहे. वरून ओतलेले पाणी शेवटी फुप्फुसात उतरते. दुसरा डॉक्टर लाळ आणि घाम पाहून अट्रोपिन देई. ते लाळ थांबवते, पण आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी पळवते. तिसरीकडे, मूल तडफडते म्हणून गुंगीच्या औषधांचे मिश्रण टोचण्याची पद्धत होती. मूल शांत होई आणि त्याबरोबर त्याची लक्षणेही झाकली जात. प्रत्येक उपचारामागे काही तर्क होता. निदानच चुकले असल्यामुळे चांगला तर्कही घातक ठरत होता.

आंब्याच्या मुलखात याला आणखी एक फाटा फुटतो. कीटकनाशकाच्या विषबाधेतही घाम, लाळ आणि उलट्या असतात, आणि तिथे अट्रोपिन हेच तारक औषध आहे. बागेत फवारणी झालेली असेल आणि मूल बागेतून आलेले असेल, तर कोणाचीही गफलत होईल. कीटकनाशकाच्या बाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, हा एक फरक आहे. दुसरा फरक मुलग्यांच्या त्या लक्षणाचा. तो जवळजवळ बोट दाखवून विंचवाचे नाव सांगतो. पण घरचे संकोचाने झाकतात, सांगत नाहीत, आणि घाईत असलेला डॉक्टर चड्डी सोडून पाहत नाही. एवढे बोलके लक्षण लाजेखाली दडून राहते. शिक्षकांनी तरी हे लाज न बाळगता पालकांना सांगावे, म्हणून इथे स्पष्ट लिहिले आहे.

दुसरा निबंध १९८६ चा, तोही ‘लॅन्सेट’मध्ये. प्राझोसिन हे रक्तदाबाचे जुने औषध. ते आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. वर सांगितलेले कारण मान्य केले तर हे औषध चालायला हवे, असा सरळ तर्क होता, आणि ते चालले. पुढे बावस्कर दांपत्याने वेळोवेळी लिहिले की प्राझोसिनपूर्वी गंभीर रुग्णांत मृत्यूचे प्रमाण २५ ते ३० टक्के होते, नंतर ते १ टक्क्याच्याही खाली आले.

इथे चिकित्सकाने थांबायला हवे. हे आकडे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे आहेत. एकाच वेळी अर्ध्या मुलांना औषध दिले आणि अर्ध्यांना दिले नाही, अशी ही तुलना नाही. आधी आणि नंतरच्या मधल्या वर्षांत कोकणात आणखी बरेच बदलले. रस्ते झाले, एसटी वाडीपर्यंत आली, फोन आले. मुले लवकर पोहोचू लागली, आणि सौम्य दंशाची मुलेही दवाखान्यात येऊ लागली. छेद वाढला की टक्केवारी उतरते, मग औषध असो वा नसो. शिवाय गुंगीचे मिश्रण आणि अट्रोपिन थांबले, म्हणजे घातक उपचार बंद झाले. त्याचेही श्रेय प्राझोसिनच्या खात्यात जमा झाले असणार.

वर्गात हा मुद्दा समजवायला विंचू उतरवणारा मांत्रिक फार उपयोगी आहे. समजा शंभर जणांना विंचू चावला, त्यांतले नव्वद दंश काळ्या विंचवाचे किंवा अल्प विषाचे आहेत आणि ते काही तासांत आपोआप उतरणार आहेत. मांत्रिकाने शंभरही जणांवर राख फुंकली तर त्याचे यश नव्वद टक्के. गावात त्याचा बोलबाला होतो, आणि जे दहा जण अत्यवस्थ होतात त्यांचे नातेवाईक म्हणतात, ‘उशीर झाला’. आपण मांत्रिकाला हसतो. पण तुलनेसाठी दुसरा गट न ठेवता ‘माझ्या इंजेक्शनने इतकी मुले बरी झाली’ म्हणणारा डॉक्टर तर्काच्या दृष्टीने त्याच ओट्यावर बसलेला असतो.

मग बावस्करांचा दावा फोल म्हणायचा का? आमचे मत नाही. एक तर घट फार मोठी आहे. नुसत्या रस्त्यांनी ती होणार नाही. दुसरे, औषध ज्या जागी काम करते ती जागा आणि बिघाडाची जागा जुळते. तिसरे, इतर ठिकाणच्या डॉक्टरांनाही तोच अनुभव आला. पुराव्याची ही प्रत पहिल्या दर्जाची नाही, पण ती टाकाऊही नाही. आणि एका आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने, मुले डोळ्यांदेखत जात असताना, अर्ध्या मुलांना औषध न देता ठेवायला हवे होते असे म्हणण्याचे धैर्य आम्हाला नाही.

तिसरा निबंध २०११ चा, ‘बीएमजे’मधला. हा मात्र रीतसर चाचणीचा. मुंबईच्या हाफकिन जैव-औषध महामंडळाने लाल विंचवाचे प्रतिविष तयार केले होते. महाडला ७० रुग्णांचे ३५–३५ असे दोन गट यदृच्छेने पाडले गेले. एका गटाला प्राझोसिन आणि प्रतिविष, दुसऱ्याला नुसते प्राझोसिन. दहा तासांत सर्व लक्षणे जाऊन बरे झालेले पहिल्या गटात ३२, दुसऱ्यात ८. बरे होण्याचा सरासरी वेळ पहिल्यात ८ तास, दुसऱ्यात १७.७ तास. फरक ठसठशीत आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या डॉक्टरांनीही त्याच सुमारास, २०१० मध्ये, प्रतिविष आणि प्राझोसिन यांची तुलना ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये छापली आणि कौल प्रतिविषाच्याच बाजूने दिला.

या चाचणीच्या उणिवा झाकण्यासारख्या नाहीत. कोणाला काय दिले हे डॉक्टरला आणि रुग्णाला माहीत होते. घाम थांबला का, हात गरम झाले का, हे ठरवणे शेवटी माणसाच्या डोळ्याचे आणि हाताचे काम, आणि ज्याला उत्तर माहीत आहे त्याचा हात नकळत झुकतो. सहा महिन्यांवरचे सर्व वयांचे रुग्ण त्यात होते, मुख्य आकडा मुले आणि मोठी माणसे एकत्र धरून आहे. आणि घेतले ते फक्त दुसऱ्या श्रेणीचे रुग्ण.

श्रेणी म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण आमच्या म्हणण्याचा सांधा तिथे आहे. पहिल्या श्रेणीत नुसती वेदना. दुसरीत घाम, लाळ, उलट्या, गार हातपाय यांचे वादळ, पण फुप्फुसे अजून मोकळी. तिसरीत फुप्फुसात पाणी. चौथीत रक्तदाब कोसळलेला आणि हातपाय उलट गरम. ही श्रेणी कोणत्याही यंत्रावर दिसत नाही. ती १९८२ च्या त्या नोंदींतून उगवलेली आहे. चाचणीत कोणाला घ्यायचे हे तिनेच ठरवले. म्हणजे औषधाची परीक्षा होण्याआधी निदानाची परीक्षा झालेली होती.

हे किती महत्त्वाचे आहे ते ट्युनिशियातल्या एका चाचणीवरून कळते. ती १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. रुग्ण ८२५, चाचणी उत्तम, एका गटाला प्रतिविष आणि दुसऱ्याला दिसायला तसेच पण निष्क्रिय द्रव्य. निष्कर्ष: प्रतिविषाचा काही फायदा नाही. पण तिथे दंश सौम्य की गंभीर हे न पाहता सर्वांना घेतले होते, आणि दहा वर्षांखालची मुले नव्हतीच. दहा वर्षांनी, २००९ मध्ये, अमेरिकेतल्या ॲरिझोनात अवघ्या १५ मुलांवर चाचणी झाली. सगळी मुले दंशाने अत्यवस्थ, आणि कोणाला काय दिले हे डॉक्टरांनाही माहीत नाही. चार तासांत लक्षणे गेली ती प्रतिविष मिळालेल्या आठांपैकी आठही मुलांची. उरलेल्या सातांपैकी एकाची. तिन्ही ठिकाणचे विंचू वेगळे, विषे वेगळी, तेव्हा आकडे एकमेकांशेजारी ठेवून तोलू नयेत. तरी एक गोष्ट फळ्यावर मांडता येते. शंभर दंशांत दहाच गंभीर आहेत असे धरा, आणि औषध त्या दहांपैकी पाचांना लवकर बरे करते असे धरा. सर्व शंभर जणांना चाचणीत घेतले तर औषधाविना ९० बरे, औषधाने ९५ बरे. फरक गर्दीत हरवतो. फक्त गंभीर असे शंभर घेतले तर शून्य आणि पन्नास. औषध तेच, गणित तेच, चाळणी वेगळी. विद्यार्थ्यांना स्वतः आकडे बदलून पाहू द्या.

आता आमचा मुख्य आक्षेप. तो बावस्करांवर नाही. त्यांच्या कामाचा जो वारसा आपण चालवतो, त्यावर आहे.

या तिन्ही निबंधांत, आणि नंतरच्या बहुतेक लिखाणात, रुग्णालयात पोहोचलेल्या आणि विंचूदंश म्हणून ओळखल्या गेलेल्या मुलांचा हिशोब आहे. बाईंच्या शाळेतला मुलगा त्यात कुठे बसतो? पहिल्या दवाखान्याच्या रजिस्टरवर तो ‘उलट्या, उन्हाचा त्रास’ असा आहे आणि तिथल्या लेखी तो बरा होऊन गेला. दुसऱ्या रुग्णालयात तो ‘विंचूदंश, फुप्फुसात पाणी’ असा आहे आणि तिथल्या लेखी तो आजच प्रथम आला. मधली चूक कोणत्याच कागदावर नाही. ज्याने चूक केली त्याला ती कधी कळणारच नाही; उद्या तसेच मूल आले तर तो तेच करील, आणि त्याचा आत्मविश्वास प्रत्येक वेळी वाढत जाईल. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगात काटा चुकला तर दुसरे वाचन घेऊन चूक सापडते. इथे दुसरे वाचन दुसऱ्याच गावी होते आणि पहिल्या माणसापर्यंत परत येत नाही.

जगात गेल्या काही वर्षांत या प्रश्नाकडे नीट पाहिले जाऊ लागले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक अकादमीने २०१५ च्या अहवालात निदानातील चुकीची व्याख्या केली, ती आम्हाला आवडली. रुग्णाच्या त्रासाचा अचूक आणि वेळेवर उलगडा न करणे ही चूक. आणि केलेला उलगडा रुग्णाला न सांगणे हीसुद्धा चूक. दुसरा भाग पुन्हा वाचा. डॉक्टरने मनात बरोबर ओळखले, पण ‘हात गार पडले तर लगेच परत या’ असे आईला सांगितले नाही, तर तीही निदानाचीच चूक.

मुलांच्या तातडीच्या विभागात अशा चुका शोधण्यासाठी तिकडे संगणकाकडून खुणा शोधून घेतात. घरी पाठवलेले मूल दहा दिवसांत परत येऊन दाखल झाले का? साध्या वॉर्डात ठेवलेल्या मुलाला चोवीस तासांत अतिदक्षता विभागात हलवावे लागले का? आल्यापासून चोवीस तासांत मूल दगावले का? ज्या केसपेपरवर यांतली एखादी खूण सापडते तेवढेच बाजूला काढून जाणकार डॉक्टर वाचतात, आणि पहिल्या भेटीत काय दिसायला हवे होते ते पाहतात. खूण सापडली म्हणजे चूक झालीच असे नाही; योग्य निदान होऊनही आजार बळावतो. खूण फक्त कुठे खणायचे ते सांगते. जाणकारांच्या या वाचनातही एक दोष शिरतोच: शेवट माहीत असलेल्याला सुरुवात सोपी वाटते. बाईंच्या मुलाची हकीकत इथवर वाचलेल्या आपल्यालाही आता तो दवाखाना मूर्ख वाटू लागला असेल. तसे नसते. दुपारच्या उन्हात, रांगेत चाळीस माणसे असताना, उलट्या करणारे मूल बहुतेक वेळा खरोखरच पोट बिघडलेले असते.

आमच्याकडे ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही, कारण मूल परत त्याच दवाखान्यात येत नाही. पहिल्यावरचा विश्वास उडाला म्हणून घरचे दुसरीकडे जातात, आणि कागद तिथेच राहतो. पण दोन कागद जोडता येतात. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आहे. जिच्यातून मूल मोठ्या रुग्णालयात पोहोचले तिच्या नोंदीत, ‘आधी कुठे दाखवले, तिथे काय सांगितले’ असा एक रकाना असायला हरकत नाही. मोठ्या रुग्णालयाने आठवड्यातून एकदा पहिल्या डॉक्टरला फोन करून ‘तुम्ही पाठवलेल्या किंवा घरी सोडलेल्या मुलाचे पुढे हे झाले’ एवढे कळवावे. यात दोष देणे नाही, शिक्षा नाही. शिक्षेची भीती असेल तर रकाना कोराच राहील, हे आम्ही प्रयोगशाळेतल्या मोडक्या काचसामानाच्या नोंदवहीवरून पुरते ओळखून आहोत.

उपकरणांचीही एक गोष्ट सांगायला हवी. विंचूदंशात सुरुवातीला रक्तदाब चढतो, आणि तो मोजला तर ‘शॉक आहे, पाणी भरा’ ही चूक तिथेच थांबते. पण मोठ्या माणसाचा पट्टा लहान मुलाच्या दंडाला गुंडाळला तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. चढलेला दाब कागदावर साधारण दिसतो, आणि चुकीला मापनाचा आधार मिळतो. लहान पट्टा ही महाग वस्तू नाही. असेच फुरशाच्या बाबतीत. फुरसे चावल्यावर रक्त गोठते का हे पाहायला साध्या काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे हलवता ठेवायचे नाही, इतकी साधी परीक्षा आहे. पण नळी साबणाने धुतलेली किंवा प्लॅस्टिकची असेल तर चांगले रक्तही गोठत नाही आणि उत्तर उलटे येते. ज्या शिक्षकांनी मुलांकडून परीक्षानळ्या धुवून घेतल्या आहेत त्यांना हे सांगायला नको.

वेदनेने फसवणारा विंचू एकटा नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश दुखत नाही, खूण दिसेलच असे नाही. मूल पहाटे पोटात दुखते म्हणून उठते, ओकते, मग पापण्या जड होतात. पोटदुखीचे औषध देऊन घरी पाठवलेल्या अशा मुलाचा श्वास काही तासांनी थांबू शकतो. तिथे निदान करणारा प्रश्न पोटाचा नसून ‘रात्री कुठे झोपला होता?’ हा असतो. विषाबद्दल आपण मुलांना शिकवतो तेव्हा ‘चावल्यावर खूप दुखते’ हे आपल्याच धड्यांतून त्यांच्या मनात पक्के होते. आम्ही ते फळ्यावर लिहीत होतो, हे सुरुवातीला कबूल केलेच आहे.

शिबिरातल्या त्या बाईंशी पुढे पत्रव्यवहार राहिला. दंश झालेल्या मुलाबरोबर पाठवायची एक चिठ्ठी त्यांनी तयार केली आणि तपासायला आमच्याकडे पाठवली. चावल्याची वेळ. कुठे: जांभ्याच्या गडग्यात, लाकडांत, पेंढ्यात, की झोपेत. पहिली उलटी किती वाजता. घाम कधीपासून. हात गार आहेत का, म्हणजे शिक्षकाने आपला हात मुलाच्या हाताशी लावून पाहायचे. आधी कोणते औषध दिले, कोणी दिले. विंचू मारून आणला असेल तर बरोबर द्यायचा, पण तो शोधण्यात वेळ घालवायचा नाही, असे खाली लिहिलेले. आणि मुलाला चालवत न्यायचे नाही.

शेवटचा रकाना होता ‘किती दुखते?’ आम्ही तो काढा म्हणून कळवले. वेदनेवरून काही ठरत नाही हेच तर आपण शिकलो. बाईंनी उलट टपाली लिहिले की तो राहू दे. पालक आले की तेच पहिले बोलतात. ते कुठेतरी लिहून घेतले नाही तर ते बाकीच्या प्रश्नांना नीट उत्तरे देत नाहीत. फक्त तो सर्वांत खाली ठेवला आहे, आणि त्याच्यापुढे कंसात ‘यावरून थांबू नये’ असे लिहिले आहे.